अमुक, तमुक आणि टक्क्याची खूण

शाळा सोडल्याच्या दाखल्याचे छापील पुस्तक प्रत्येक शाळेच्या कपाटात असते. 'सदर विद्यार्थी/विद्यार्थिनी या शाळेत इयत्ता ......... मध्ये दिनांक ......... पासून शिकत होता/होती' अशा धर्तीचा त्यातला मजकूर आपल्याला तोंडपाठ असतो. लिहिणाऱ्याने टिंबांच्या जागी नाव, इयत्ता, तारीख घालायची आणि 'होता/होती' मधला नको तो शब्द खोडायचा. आता पुष्कळ शाळांत हे काम संगणक करतो. त्यासाठी कोणीतरी आज्ञावली लिहिलेली असते. त्या आज्ञावलीत हेच वाक्य जसेच्या तसे असते, फक्त टिंबांच्या जागी काही खुणा असतात. छापतेवेळी संगणक त्या खुणा काढून तेथे त्या त्या मुलाची माहिती बसवतो.

वरवर पाहता यात शिकण्यासारखे काही नाही. कोरी जागा सोडायची आणि भरायची, इतकेच. पण या कोऱ्या जागेचा इतिहास पाहू लागलो की लक्षात येते, ती कधीच पुरती कोरी नसते. तेथे काय बसेल, किती बसेल, कोणत्या रूपात बसेल, याच्या सूचना त्या जागेतच दडलेल्या असतात. त्या सूचना अपुऱ्या असल्या की भुर्दंड भरणाऱ्याला पडतो, किंवा त्याच्या भाषेला. या इतिहासातले काही महत्त्वाचे धागे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांपर्यंत येऊन पोचतात, म्हणून आपण तो रत्नागिरीच्या बाजूने पाहू या.

सुरुवात जुन्या दस्तऐवजांपासून करू. कर्जरोखा कसा लिहावा, हे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. त्यात वर्ष, महिना, पक्ष आणि दिवस हवा. धनको-ऋणकोंची नावे हवीत, त्यांची जात, गोत्र आणि बापाचे नाव हवे. म्हणजे कोणकोणत्या जागा भरायच्या याची ही यादीच झाली. धर्मशास्त्राच्या या साऱ्या पसाऱ्याचा इतिहास ज्यांनी लिहिला ते भारतरत्न पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुराम-पेढ्यात १८८० साली जन्मले आणि ऐन तरुणपणी काही काळ रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. या यादीत आईचे नाव नाही, हे येथे नुसते नोंदवून ठेवू.

यादीपुढची पायरी म्हणजे तयार नमुना. गुजरातेत मध्ययुगात तयार झालेला 'लेखपद्धति' नावाचा संस्कृत संग्रह १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. जमिनीची विक्री, गहाण, कर्ज, राजाज्ञा, खासगी पत्रे, अशा नाना प्रकारच्या कागदांचे नमुने त्यात आहेत. दासीच्या विक्रीचाही नमुना आहे. बऱ्याच नमुन्यांवर संवत १२८८, म्हणजे इसवी सनाच्या १२३१-३२ च्या सुमाराचे वर्ष घातले आहे. आणि जेथे खरे नाव यायचे तेथे शब्द आहे 'अमुक'. अमुक गावात, अमुकाने, अमुकाला. आपण बोलताना 'अमुक-तमुक' म्हणतो, तोच हा शब्द. अरबी-फारसीतून आलेला 'फलाणा'ही याच कामाचा. पण 'अमुक' आणि टिंबांची ओळ यांत एक मोठा फरक आहे. 'अमुक' हा शब्द आहे, त्यामुळे तो विभक्ती घेतो. नमुन्यात 'अमुकाने' असेल तर तेथे तृतीया हवी हे लेखनिकाला कळते. टिंबे बिचारी काहीच सांगत नाहीत.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर परंपरेने 'मेस्तक' सांगतात. पत्रे कशी लिहावीत, कोणाला कोणता मायना घालावा, याचे ते मार्गदर्शन. मराठी पत्रव्यवहारात पुढे या मायन्यांचे केवढे प्रस्थ माजले ते आपण जाणतोच. वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, बरोबरीच्या गृहस्थाला राजमान्य राजश्री, सवाष्णीला सौभाग्यवती आणि विधवेला गंगाभागीरथी. म्हणजे नुसते नाव बदलून भागत नव्हते. आत बसणाऱ्या नावाप्रमाणे भोवतालची चौकटही बदलावी लागे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण संगणकाने नेमकी हीच गोष्ट पुष्कळ वर्षे दुर्लक्षिली. (चौकटीतून माणसाची पायरी आणि स्त्रीचे दुर्दैवही जाहीर होत असे. ती चौकट गेली याचे आम्हाला मुळीच दुःख नाही.)

मोगल दरबारच्या फारसी कागदांत आणखी एक रीत दिसते. बादशहाचे किंवा एखादे पवित्र नाव ओळीच्या मध्ये लिहिणे बेअदबीचे, म्हणून ओळीत मोकळी जागा सोडायची आणि नाव वर, कागदाच्या माथ्याकडे लिहायचे. वाचणाऱ्याने वरचे नाव मनातल्या मनात खाली आणून वाचायचे. मजकूर एकीकडे आणि त्यात भरायचा ऐवज दुसरीकडे, ही मांडणी पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

युरोपात छपाई आली तीदेखील कोऱ्या जागा घेऊनच. गुटेनबर्गच्या काळातली, तारीख असलेली सर्वांत जुनी छापील वस्तू म्हणून जे दाखवले जाते ते १४५४ चे चर्चचे पापमुक्तीचे दाखले आहेत. मजकूर छापील, आणि घेणाऱ्याचे नाव व तारीख यांसाठी जागा मोकळ्या. म्हणजे छपाईच्या अगदी पहिल्या कामांतच अर्जाचा फॉर्म आहे. आपल्याकडे इंग्रजी अमलात महसूल खात्याने हे छापील नमुने गावागावात नेले. कोकणात ज्याच्यावरून भावाभावांत बोलणे बंद होते तो सातबारा म्हणजे तरी काय, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. कागदाचे नाव फॉर्मच्या क्रमांकावरूनच पडले! या नमुन्यांत एक हुशारी आहे. त्यांत वाक्ये जवळजवळ नाहीतच. रकान्यावर मथळा आणि खाली नुसते नाव किंवा आकडा. वाक्य नाही म्हणजे विभक्ती नाही, लिंग नाही, वचन नाही. व्याकरणाची कटकट टाळण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग, आणि अडचणीत सापडलेले संगणकवाले आजही याच मार्गाने पळ काढतात : 'नाव : अमुक. गाव : तमुक.'

आता थोडे मागे, पाणिनीकडे जाऊ. पाणिनीला संगणक ठाऊक होता असे सांगणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. पण जागा राखणाऱ्या खुणा आणि त्यांच्यात दडवलेल्या सूचना यांचे इतके नेटके उदाहरण दुसरे मिळणार नाही, म्हणून तो टाळता येत नाही.

पठन आणि पाठक, नयन आणि नायक, करण आणि कारक, या जोड्या पाहा. मुलांना विचारले तर ती सांगतील की एकीकडे 'अन' लागला आणि दुसरीकडे 'अक'. पाणिनी मात्र धातूला थेट 'अन' किंवा 'अक' लावत नाही. तो प्रत्यय सांगतो 'ल्युट्' आणि 'ण्वुल्'. यांतली काही व्यंजने नुसत्या सूचना आहेत. त्यांना 'इत्' म्हणतात आणि काम झाले की ती गळून पडतात. ती काढली की उरतात 'यु' आणि 'वु'. संस्कृतात असे प्रत्यय प्रत्यक्षात कुठे उच्चारलेच जात नाहीत. त्या नुसत्या राखून ठेवलेल्या जागा आहेत. सातव्या अध्यायाच्या अगदी पहिल्या सूत्रात पाणिनी सांगतो की यु च्या जागी अन घाला आणि वु च्या जागी अक. मग 'ण्वुल्' मधल्या ण् चे काम काय? तो सांगतो की मागच्या धातूच्या स्वराची वृद्धी करा. म्हणून पठ् चे पाठक होते, कृ चे कारक. ल्युट् मध्ये ण् नाही, म्हणून पठन आणि करण. ण् स्वतः कुठेही छापला जात नाही, पण शेजारचे अक्षर कसे छापायचे ते ठरवतो.

रत्नागिरीच्या हायस्कुलात १८६५ च्या सुमारास मुख्याध्यापक होते रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीतच शाळा शिकलेले. शाळकरी मुलांसाठी संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके त्यांनी त्याच वर्षांत लिहिली, आणि त्यांवर पुढे पिढ्या शिकल्या. जुन्या घोकंपट्टीऐवजी थोडे नियम, थोडी रूपे आणि लगेच भाषांतराची वाक्ये, असा त्यांचा क्रम. 'देव' चालवून दाखवायचा आणि मग बाकीचे अकारान्त पुल्लिंगी शब्द तसेच चालवायचे, ही शिकवणीची रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची. तीही एक कोरी जागाच आहे, पण शहाणी. तीत कोणताही शब्द बसत नाही, अकारान्त पुल्लिंगी शब्दच बसतो.

संगणकाच्या जगात पहिली गाजलेली चौकट आली १९५७ साली, फोरट्रान भाषेबरोबर. आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. उत्तर कसे छापायचे हे सांगायला तीत 'फॉरमॅट' नावाचे वेगळे विधान होते. 'आय ५' म्हणजे पूर्णांक, पाच घरांत. 'एफ ८.२' म्हणजे दशांश संख्या, आठ घरांत, त्यांतली दोन दशांशचिन्हानंतर. आकडे एकाखाली एक नीट यावेत, हा सारा खटाटोप. पण मजकूर छापायचा असेल तर पंचाईत होती. मजकुरात किती अक्षरे आहेत ती हाताने मोजून आधी लिहावी लागत आणि पुढे 'एच' अक्षर. 'टोटल मार्क्स' हे दोन इंग्रजी शब्द छापायचे तर मधल्या मोकळ्या घरासह ११ मोजून '११ एच' लिहायचे. मोजणीत एकाची चूक झाली की पुढचे सगळे बिघडले. हा 'एच' होलेरिथच्या नावाचा. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत भोके पाडलेली कार्डे ज्याने वापरली तोच हा हर्मन होलेरिथ.

ही मोजदाद पुढे गेली. १९६७ साली केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल ही भाषा केली. तिच्या छपाईच्या आज्ञेत मजकूर सरळ लिहायचा आणि जेथे काही भरायचे तेथे टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे एक अक्षर घालायचे, अशी सोय आली. भरायचा ऐवज मजकुरानंतर स्वल्पविराम देऊन क्रमाने लिहायचा. मजकूर एकीकडे, ऐवज दुसरीकडे, फारसी कागदासारखेच. बीसीपीएलवरून बी भाषा झाली, तिच्यावरून १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांची सी भाषा. सी मधली 'प्रिंटएफ' ही आज्ञा जगभर पसरली. रोमन अक्षरे आपण देवनागरीत लिहिली तर ती अशी दिसते : 'विद्यार्थी %एस, गुण %डी'. एस म्हणजे अक्षरमाळ, डी म्हणजे दशमान पूर्णांक. '%५डी' म्हटले की पाच घरे. पुढचे अक्षर आणि आकडा छापले जात नाहीत, फक्त छपाईवर हुकमत चालवतात. पाणिनीच्या इत् वर्णांसारखेच म्हणायला हरकत नाही. आणि खुद्द टक्क्याचे चिन्हच छापायचे असेल तर? ते दोनदा लिहायचे. '८५%%' लिहावे तेव्हा '८५%' छापून येते.

प्रिंटएफमध्ये एक मोठा भाबडेपणा होता. ती पुढच्या माणसावर पूर्ण विश्वास टाकते. '%एस' म्हटले आहे ना, मग पुढे अक्षरमाळच असणार. तेथे चुकून गुणांचा आकडा दिला तर ती त्या आकड्यालाच स्मृतीतला पत्ता समजून तेथे मजकूर शोधायला जाते आणि आज्ञावली कोसळते. कोऱ्या जागा तीन आणि ऐवज दोनच दिले, तर तिसऱ्या जागेसाठी ती स्मृतीत जे काही शेजारी पडले असेल ते उचलून आणते.

या भाबडेपणाची किंमत २००० साली सगळ्यांना कळली. समजा, एखाद्या आज्ञावलीने पाहुण्याचे नाव विचारले आणि ते नाव '%एस' च्या जागी न घालता सरळ चौकट म्हणूनच छापायला दिले. पाहुणा भला असेल तर काही बिघडत नाही. पण त्याने नावाच्या जागी टक्क्यांच्या खुणाच लिहून दिल्या तर? संगणक निमूटपणे त्या खुणा भरू लागतो आणि स्मृतीतल्या खासगी गोष्टी बाहेर येतात. त्यातच प्रिंटएफमध्ये '%एन' नावाची एक खूण आहे. ती काही छापत नाही, आतापर्यंत किती अक्षरे छापली तो आकडा स्मृतीत लिहून ठेवते. म्हणजे परक्या माणसाला वाचायचीच नव्हे तर लिहायचीही वाट मिळाली. त्या वर्षी फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या एका प्रसिद्ध आज्ञावलीत ही फट सापडली आणि मग तशाच फटी इतर ठिकाणी धडाधड सापडत गेल्या. दाखल्यावर नाव लिहायला दिलेल्या पालकाने नाव न लिहिता नव्या कोऱ्या जागा आखाव्यात आणि कारकुनाने त्या तिजोरीतल्या कागदांवरून भरून द्याव्यात, तसलाच हा प्रकार. चौकट आखण्याचा अधिकार आणि ती भरण्याचा अधिकार हे दोन वेगळे ठेवले पाहिजेत, हे येथे शिकावे लागले.

पुढच्या भाषांनी खुणांना नावे दिली. पायथनमध्ये २००८ च्या आवृत्त्यांपासून महिरपी कंस आले आणि कंसात नाव लिहिता येऊ लागले. २०१६ साली आलेल्या ३.६ आवृत्तीपासून तर मजकुराच्या मधोमध कंसात थेट ऐवजाचेच नाव लिहिता येते. ऐवज पुन्हा ओळीत आला.

आता आपल्या भाषेकडे येऊ. ही सगळी चौकट-विद्या इंग्रजी वाक्यावर वाढली. इंग्रजी नाव कुठेही बसवले तरी तसेच राहते, त्यामुळे टक्क्याच्या खुणेला व्याकरण शिकण्याची गरज पडली नाही. मराठीचे तसे नाही.

पहिली अडचण क्रमाची. इंग्रजीत 'पेज ३ ऑफ १०' असे म्हणतात. आधी ३, मग १०. मराठीत आपण म्हणू '१० पैकी ३ रे पान'. मराठी अनुवादकाने चौकट बदलली तरी ऐवज येतो तो इंग्रजीच्या क्रमाने, आणि छापले जाते '३ पैकी १० वे पान'. यावर तोडगा निघाला तो युनिक्सच्या प्रमाणित आवृत्त्यांत : खुणेतच ऐवजाचा क्रमांक लिहायचा, म्हणजे 'येथे दुसरा, तेथे पहिला'. १९९५ साली ग्नू प्रकल्पातून 'गेटटेक्स्ट' नावाचे साधन बाहेर पडले. त्यात आज्ञावलीतली सर्व वाक्ये एका वहीत वेगळी काढतात, आणि त्या वहीचा अनुवाद कोणत्याही भाषेत करता येतो. आपल्याकडच्या तारखात्याने हे सूत्र पूर्वीच राबवले होते. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक होते. तारेतून क्रमांक जायचा आणि दुसऱ्या टोकाला पुरे वाक्य उतरायचे. तार २०१३ साली बंद झाली, वही राहिली. एकवचन-अनेकवचनाची सोयही पुढे गेटटेक्स्टमध्ये आली. '१ आंबा' आणि '५ आंबे', '१ पेटी' आणि '५ पेट्या' यांसाठी दोन वेगळी वाक्ये ठेवता येतात.

दुसरी अडचण घरे मोजण्याची. 'रत्नागिरी' या शब्दात डोळ्याला चार अक्षरे दिसतात : र, त्ना, गि, री. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे होतात नऊ, कारण हलन्त आणि प्रत्येक काना-वेलांटी स्वतंत्र मोजली जाते. साठवताना, आज सर्वत्र चालणाऱ्या युटीएफ-८ या रीतीत, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण २७. सी भाषेची प्रिंटएफ बाइट मोजते. गावाचे नाव पहिल्या दहा घरांपुरते छापा म्हटले तर ती 'रत्' छापून पुढच्या चिन्हाचा एक-तृतीयांश तुकडा तोडते. तो तुकडा पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन दिसतो. मराठी नावांच्या याद्यांत रकाने वेडेवाकडे येतात आणि नावे मध्येच तुटतात, त्यामागे पुष्कळदा हेच मोजमाप असते.

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे, ती सामान्यरूपाची. 'विद्यार्थी ......त राहतो' अशी चौकट घेऊ आणि रत्नागिरी जिल्ह्यातले नऊ तालुके तीत बसवून पाहू. रत्नागिरी आणि दापोली मुकाट्याने बसतात : रत्नागिरीत, दापोलीत. मंडणगड, खेड, गुहागर, संगमेश्वर बसत नाहीत, त्यांना आधी काना हवा : मंडणगडात, खेडात, गुहागरात, संगमेश्वरात. चिपळूण आणि राजापूर काना तर मागतातच, शिवाय आतला दीर्घ ऊ ऱ्हस्व करून घेतात : चिपळुणात, राजापुरात. उरला लांजा. त्याचे होते लांज्यात. नवांपैकी दोनच नावांना ती कोरी जागा सरळ लागू पडली. तालुक्यांवरून गावांवर उतरलो तर गमती आणखी वाढतात. रत्नागिरीच्या शेजारच्या नाचण्यातला विद्यार्थी 'नाचण्यात राहतो' आणि पावसचा 'पावसात राहतो'. लोक म्हणूनच 'पावसला राहतो' म्हणतात. भाषा स्वतःची काळजी घेते.

संगणकवाल्यांनी यावर काढलेला उपाय आपण रोज वाचतो : 'चिपळूण मध्ये', 'सीता ने', 'लांजा येथे'. नाव जसेच्या तसे ठेवायचे, मध्ये एक मोकळे घर सोडायचे आणि प्रत्यय सुटा लिहायचा. 'येथे' निदान मराठी तरी आहे. सुटा 'ने' मात्र मराठीच्या अंगवळणी पडलेला नाही, हिंदीत तो तसा लिहितात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिवसभर हेच वाचणारी मुले उत्तरपत्रिकेतही 'चिपळूण मध्ये' लिहू लागली तर दोष केवळ त्यांचा नाही. कोऱ्या जागेला भाषा शिकवण्याऐवजी भाषेलाच कोऱ्या जागेचे वळण लावले जात आहे.

हा प्रश्न नियमात बसत नाही असेही नाही. मालगुंडच्या दामले घराण्यातले, कवी केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध केले. कोणत्या नामाचे सामान्यरूप कसे होते, अपवाद कोणते, याचा त्यांनी केलेला विचार अजून कोणी ओलांडला आहे असे आम्हाला वाटत नाही. अकारान्त पुल्लिंगी नामाचा शेवट आ होतो, आकारान्त पुल्लिंगीचा या होतो, आकारान्त स्त्रीलिंगीचा ए होतो. म्हणून लांज्यात, पण शाळेत. संगणकाला शेवटचे अक्षर दिसते, लिंग दिसत नाही. तेव्हा नुसत्या नियमावर भागत नाही, प्रत्येक नामाबरोबर त्याचे लिंग लिहून ठेवलेला कोशही हवा. व्यक्तींच्या नावांत आणखी गुंता आहे. सीतेने की सीताने? दामल्यांचे की दामलेंचे? जुने पुस्तक एक सांगेल, आजचे घर दुसरे बोलेल. आमच्या मते अशा ठिकाणी ज्याचे नाव त्याला विचारावे हे बरे. आणि गावांच्या बाबतीत तर उपाय फारच स्वस्त आहे. तालुके नऊच आहेत. यादीत 'लांजा' या नावाशेजारी 'लांज्या-' असा आणखी एक रकाना भरून ठेवला की आज्ञावलीला व्याकरण येण्याची गरजच राहत नाही. एका शिक्षकाचे अर्ध्या तासाचे काम.

सहावी-सातवीच्या वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. फळ्यावर चौकट लिहावी, मुलांनी आपापल्या वाडीचे, आजोळचे, मामाच्या गावाचे नाव तीत घालावे आणि कोणते नाव सरळ बसले, कोणाला काना लागला, कोणाचा ऊ आखडला, असे गट पाडावेत. नियम मुलांनीच शोधावेत. मग 'त' च्या जागी 'हून' आणि 'चा' घालून तेच गट टिकतात का ते पाहावे.

दाखल्याकडे पाहताना आणखी एक बदल ध्यानात घ्यावा लागेल. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांची नावे शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायची, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी घेतला. याज्ञवल्क्याच्या यादीत नसलेली जागा आता यादीत आली आहे. ही मुले २०३० च्या आसपास पहिलीत येतील. नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीनच खुणा धरून लिहिलेल्या आज्ञावल्या तोवर शाळाशाळांतून चालू असतील, आणि चौथे नाव आले की त्या काय करतील हे ती आज्ञावली कोणी लिहिली त्यावर अवलंबून राहील. काही जणी आईचे नाव गाळतील, काही जणी आडनाव कापतील. दाखला देण्यापूर्वी तो एकदा वाचून पाहण्याचे काम तेव्हाही मुख्याध्यापकांकडेच असेल.